वादळ, बातमी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला बोलाविले म्हणजे पाहुणीने मंडळाचे कौतुक करावयाचे, मंडळाने पाहुणीचे करावयाचे आणि मग सर्वांनी मिळून चिवड्याकडे वळावयाचे, अशी आपल्याकडची रीत आहे. रीत चांगली आहे. चिवडा मलाही आवडतो. आज सकाळी धुळ्याहून एस्टीत बसले तेव्हा मी तसेच चार गोड शब्द मनात जुळवीत होते. परंतु एरंडोल सोडल्यावर रस्त्याच्या डाव्या अंगाला एक केळीची बाग आडवी झालेली दिसली. परवाच्या वाऱ्याने झाली असणार. घड भरलेले होते आणि खोडे मध्यावर मोडून एकाच दिशेला निजली होती. गाडीतल्या कोणी मान वळविली नाही. शेजारच्या गृहस्थांच्या हातात ताजे वर्तमानपत्र होते. ते मी मागून घेतले आणि जळगाव येईपर्यंत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळले. वाऱ्याची बातमी त्यात नव्हती. तेव्हा जुळविलेले गोड शब्द मी तसेच ठेवते आणि दुसरेच बोलते. ते माझ्या एका चुकीविषयी आहे, म्हणून जरा सांभाळून घ्या.

जून २०२० आठवा. आपण सगळ्या घरात कोंडलेल्या होतो. दारात आलेली भाजी मिठाच्या पाण्यात घालीत होतो. त्यात बातमी आली की अरबी समुद्रात वादळ उठले आहे, त्याचे नाव ‘निसर्ग’, आणि ते मुंबईकडे निघाले आहे. त्याच्या दोनच आठवडे आधी, २० मे रोजी, ‘अम्फान’ बंगालात येऊन गेले होते, त्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा होता. दोन दिवस आमच्या घरी दूरदर्शनचा संच बंद झाला नाही. मुंबईचा समुद्र, मुंबईचे रस्ते, रेनकोट घालून वाऱ्यात उभा राहिलेला वार्ताहर, आणि मागे एक मोठा पांढरा भोवरा गोल फिरतो आहे असे चित्र. मोबाइलवर तर काही विचारूच नका. कोणत्या मुलखातली कोण जाणे, छपरे उडाल्याची चित्रे ‘अलिबाग, आत्ता’ म्हणून येत होती, आणि आम्ही ती न तपासता पुढच्या बहिणीकडे रवाना करीत होतो.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट फार वाचायला मिळाली. १८८२ साली मुंबईवर असेच वादळ आले होते आणि त्यात एक लाख माणसे मेली, अशी. मीही ती चार जणींना सांगितली. पुढे कळले की हवामानाच्या अभ्यासकांनी जुनी कागदपत्रे धुंडाळली, तेव्हा त्या साली असे काही घडल्याचा पुरावाच त्यांना सापडला नाही. ती एक दंतकथा आहे, कोणीतरी लिहिली आणि पुढच्याने उतरून घेतली. आपण साधा हिशेब केला असता तरी शंका आली असती. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास होती. तीतली लाख माणसे, म्हणजे दर आठांतले एक, एका दिवसात जातात आणि त्याचा मागमूस कोठे राहात नाही, हे कसे व्हावे? पण घाबरलेल्या माणसाला हिशेब सुचत नाही. आणि मोठा आकडा ऐकला म्हणजे भीतीबरोबर थोडी मजाही वाटते, हे आपल्यापैकी कोणी नाकारू नये.

३ जूनच्या दुपारी ‘निसर्ग’ किनाऱ्याला लागले, मुंबईला नव्हे, तिच्या दक्षिणेला, अलिबागच्या खाली रायगड जिल्ह्यात. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. संध्याकाळी बातम्यांतून एकच सूर ऐकू आला, की मुंबई वाचली, संकट टळले. आम्हीही निःश्वास टाकला. वादळाचा उरलासुरला अंश नाशिकवरून आपल्या उत्तर महाराष्ट्राच्या अंगाने मध्यप्रदेशाकडे निघून गेला. धुळ्यात त्या रात्री पाऊस पडला, हवा गार झाली. मी गच्चीचे दार लावले आणि शांत झोपले.

आता श्रीवर्धन, म्हसळा, दिवेआगर, मुरूड, पलीकडे रत्नागिरीत मंडणगड, दापोली, हर्णे, या गावांचे काय झाले होते? तेथे संकट टळले नव्हते, तेथेच ते येऊन बसले होते. विजेचे खांब पडले आणि दूरध्वनीचे मनोरेही बंद झाले. त्यामुळे गंमत अशी झाली, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द सुचत नाही, की ज्यांचे सर्वांत अधिक गेले त्यांना ‘आमचे गेले’ हे सांगण्याचे साधनही गेले. मुंबईहून बातमी येत होती कारण मुंबईत वीज होती. पहिले काही दिवस तिकडची गावे गप्प होती आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ आम्ही ‘सर्व ठीक’ असा घेतला. मग हळूहळू छायाचित्रे येऊ लागली. श्रीवर्धनची सुपारी, जिला रोठा सुपारी म्हणतात, तिच्या वाड्याच्या वाड्या झोपलेल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून फळाला यायला सात-आठ वर्षे घेते. म्हणजे आज जमिनीवर पडली ती आजेसासऱ्याने लावलेली, आणि आज लावाल ती सुनेच्या हाती लागणार.

ती चित्रे पाहून आमच्या धुळ्याच्या मंडळाने मदत पाठवायचे ठरविले. टाळेबंदी नुकतीच सैल होत होती, सभा भरविता येत नव्हती, म्हणून एकेकीने आपापल्या ओसरीवर सामान आणून ठेवायचे आणि एका ओळखीच्या धान्याच्या गाडीने ते महाडपर्यंत न्यायचे, असा बेत झाला. चार दिवसांत साड्यांचे अकरा गठ्ठे जमले. अकरा! काही साड्या खरोखर चांगल्या होत्या. पण पुष्कळशा कोणत्या होत्या ते तुम्ही ओळखले असेल. फॉल सुटलेल्या, जरीचा काठ विरलेल्या, कपाटात जागा अडविणाऱ्या. आणि ब्लाउजपिसे. हळदीकुंकवात या घरातून त्या घरात फिरणारी आणि कोणाच्याच अंगाला न लागलेली ब्लाउजपिसे आम्ही कोकणात पाठवायला काढली होती. त्यांची भ्रमंती तरी संपेल, असे एक बाई म्हणाल्या, आणि आम्ही हसलो.

गाडी निघायच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या एका बाईंच्या पुतणीचा दूरध्वनी आला. ती म्हसळ्याकडे दिलेली. वादळानंतर नवव्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला. बोलायला म्हणून ती दिराच्या मोटारसायकलवर बसून माणगावच्या बाजूला आली होती. काकूंनी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले, अगं, आम्ही एवढ्या साड्या पाठवीत आहोत. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘काकू, अंगावर घालायला आहे हो. डोक्यावर घालायला नाही.’

नंतर तिने जे सांगितले ते मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर उतरून घेतले. ते पाकीट अजून माझ्यापाशी आहे. ताडपत्री. सुतळी आणि जाड दोर. छपराचे खिळे. मेणबत्त्या आणि काड्यापेट्या, कारण होत्या त्या भिजल्या. झाडे तोडायला करवत, कारण माणसे कोयत्याने सुपारी तोडून तोडून दमली होती आणि विहिरीवर, वाटेवर, गोठ्यावर खोडे तशीच आडवी होती. कळशीला दोर लागेल तो निराळा. विहिरीत पाणी वर आलेले दिसत होते, पण पंप विजेवर चालणारा, आणि रहाट काढून टाकून वीस वर्षे झालेली. आळीत एका म्हातारीच्या घरी जुना लोखंडी कप्पी-रहाट होता, त्यावर सगळी आळी पाणी भरत होती. आणि शेवटी आवाज खाली आणून तिने सांगितले, बायकांच्या महिन्याच्या अडचणीचे काही पाठवता आले तर पाठवा, दुकानच उघडे नाही. मैत्रिणींनो, बायकांच्या मंडळाने, बायकांनीच बसून केलेल्या यादीत ते नव्हते. अकरा गठ्ठे साड्या होत्या आणि ते नव्हते.

तिने आणखी एक सांगितले. मदतीच्या गाड्या येत होत्या, नाही असे नाही. परंतु हमरस्त्यावरचे जे पहिले पडके गाव लागे तेथेच त्या रिकाम्या होत. तेथे छायाचित्र काढायला सोयीचे पडे. आत चार मैलांवरच्या वाडीला पोचायला आधी झाडे दूर करावी लागत.

साड्यांचे नऊ गठ्ठे आम्ही परत ओसरीवर उतरविले. त्या पैशाचे आणि वेळेचे मी सांगत नाही. ताडपत्र्या धुळ्यात मिळाल्या, कांद्याच्या चाळीवर टाकायला ठेवतात त्या.

आता माझ्या चुकीकडे येते.

माझे माहेर रावेर तालुक्यातले. भावाची केळी आहे. तुम्ही जळगावकर, तुम्हाला केळी काय सांगावी? मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग, हे शब्द तुमच्या लेकी पाळण्यात शिकतात. पण ज्या शहरात वाढल्या त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की केळीचे खोड हे लाकूड नव्हे. पानांच्या देठांच्या एकावर एक घड्या आणि आत पाणी, एवढाच त्याचा जीव. त्यावर घड भरला की डोके जड होते. मग मे महिन्याच्या अखेरीला वळवाचा वारा अर्धा तास जरी सुटला, तरी उभी बाग मध्यावर मोडते. शहाणा शेतकरी बांधाला शेवरी लावतो, गजराज गवत लावतो, टेकू देतो. तेवढ्याने थोडा वारा अडतो, सगळा नाही.

जूनच्या मध्यावर, गाडी कोकणात पोचल्याचे समाधान अंगात असताना, मी वहिनीला दूरध्वनी केला. लोणच्याच्या कैऱ्यांसाठी केला होता, खोटे कशाला बोलू? गप्पांच्या ओघात विचारले, ‘केळी कशी आहे यंदा?’

‘कुठली केळी?’ वहिनी म्हणाली.

मे महिना संपता संपता वारा आला होता आणि अडीच हजार खोडांपैकी शेपाचशे तेवढी उभी होती. मोडलेल्या बागेला गिऱ्हाईक नसते. टाळेबंदीमुळे भाव आधीच पडलेला, व्यापारी येत नव्हता, त्यात हे. वरून पडलेली खोडे उचलून शेत मोकळे करायला मजुरी द्यायची ती वेगळीच. म्हणजे पीक गेले ते गेले, गेलेले पीक बाहेर काढायला पुन्हा पैसे. तलाठी येऊन पंचनामा करून गेले होते. वर्तमानपत्रातही आले होते म्हणे, सातव्या पानावर, एका जाहिरातीखाली चार ओळी. गावाचे नाव नव्हते.

मी म्हटले, ‘अगं, पंधरा दिवस झाले, मला सांगितले का नाही?’ तर म्हणाली, ‘तुम्ही कोकणाच्या कामात होता ना ताई. तिकडचे टीव्हीवर दाखवीत होते. आमचे काय, दर दोन वर्षांनी असते.’

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे वाटले असते.

माझा भाऊ मदत घेणारा नाही. ‘आम्ही काय पूरग्रस्त आहोत?’ असे तो म्हणाला. शेवटी वहिनीनेच एक दिवस हळूच सांगितले, की भाचीचे नाव भुसावळच्या कॉलेजातून काढायचे घाटते आहे, यंदा फी नाही म्हणून. ती फी आम्ही चौघींनी मिळून भरली आणि भावाला सांगितले की मंडळाची शिष्यवृत्ती आहे. (तो हे भाषण वाचणार नाही अशी आशा आहे.) कोणत्या वादळाच्या कोणत्या मदतयादीत कॉलेजची फी असते?

पुष्कळ दिवस मी स्वतःला विचारीत राहिले, की हे मला दिसले का नाही? तीनशे मैलांवरचे म्हसळा दिसले आणि माहेर दिसले नाही. एक कारण सरळ आहे. त्या वाऱ्याला नाव नव्हते. समुद्रात उठलेल्या भोवऱ्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर झाला की हवामानखाते त्याचे बारसे करते. आपल्या बाजूच्या समुद्राकाठचे तेरा देश मिळून नावे ठरवितात. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावांची नवी यादी काढली, तीतले पहिलेच नाव ‘निसर्ग’, बांगलादेशाने दिलेले. नाव असले की सावध करणे सोपे जाते, यासाठी ही रीत. ती चांगलीच आहे. पण नाव असले की बातमी करणेही सोपे जाते. आपल्याकडचा वळवाचा वारा तापलेल्या जमिनीवर उठतो, अर्ध्या तासात विरतो, आणि त्याचा झोत कधीकधी नाव मिळालेल्या वादळाइतका असतो. पण त्याचे बारसे होत नाही. साक्रीकडून आमच्या दारी भाजी घेऊन येणारी बाई अहिराणीत एवढेच म्हणते, ‘वारा ऊना नि बठ्ठं लई गया.’

आणि नाव असलेल्या वादळातसुद्धा सारे सारखे दिसत नाहीत. पुढच्या वर्षी मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आले. मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा १७ मे रोजी बुडाला, त्यावर २६१ माणसे होती, त्यांतली १८६ नौदलाने वाचविली. ती बातमी कितीतरी दिवस चालली आणि चालायलाच हवी होती. त्याच वादळाच्या वाऱ्यात, आदल्या दिवशी, तुमच्याच अमळनेर तालुक्यात आंचलवाडी येथे एका झोपडीवर झाड कोसळून दोन सख्ख्या बहिणी गेल्या. लहान मुली. येथे बसलेल्यांपैकी किती जणींना ते आठवते? हात वर करू नका, मलाही आठवत नव्हते. दुसऱ्या कशासाठी तरी जुने अंक चाळताना सापडले.

यात वार्ताहरांना दोष देऊन आपण मोकळ्या व्हावे असे मला वाटत नाही. एका तालुक्याचा वार्ताहर बहुधा एकटा असतो, त्याच्या हातात चार ओळींची जागा असते. आपण पाहतो म्हणून तो भोवरा दाखवितात. शिवाय एक विचित्र गोष्ट आहे. १९७७ साली आंध्रात दिवी भागावर वादळ आले, तेव्हा दहा हजारांच्या वर माणसे गेली. १९९९ साली ओडिशात तसेच झाले. त्याच ओडिशात २०१९ साली ‘फणी’ आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलविले होते आणि मृत्यू शंभराच्या आत राहिले. ‘निसर्ग’च्या वेळीही महाराष्ट्र आणि गुजरात मिळून सुमारे एक लाख लोक हलविले होते, तेही साथीच्या दिवसांत. ही किती मोठी कामगिरी! पण माणसे वाचली की बातमी लहान होते. मृतांचा आकडा लहान दिसला की ऐकणाऱ्याला वाटते, काही विशेष झाले नाही. माणूस जिवंत आहे, घराला छप्पर नाही, वाडी आडवी आहे, आणि कर्जाचा हप्ता उभा आहे, याचा आकडा चौथ्या दिवशी कोणी सांगत नाही.

कोकणात सरकारी मदत आली. रायगडला तातडीचे १०० कोटी जाहीर झाले, बागांना हेक्टरी ५०,००० रुपये ठरले. पण तिकडच्या वाड्या गुंठ्यांच्या. हेक्टराचा हिशेब गुंठ्यावर आणला की हाती येणारी रक्कम पडलेली खोडे उचलायलाही पुरेना, म्हणून ओरड झाली आणि पुढे झाडागणिक मदत द्यायचे ठरले. हे सगळे मला म्हसळ्याच्या त्या मुलीकडून कळत गेले. आमच्याकडे वर्तमानपत्रात तोवर दुसरे विषय आले होते.

ते कळत गेले याचे कारण आम्ही केलेली एक साधी सोय. त्या जूननंतर आमच्या मंडळाने एक वही घातली आहे. दोनशे पानी, शाळेची असते तशी. कोठे वादळ, पूर, आग, गारपीट झाल्याचे कानावर आले की त्या गावातल्या एका तरी बाईचे नाव आणि नंबर मिळवायचा आणि लिहून ठेवायचा. मग तीनदा विचारायचे. आठव्या दिवशी, महिन्याने आणि दिवाळीत. आठव्या दिवशी ताडपत्री लागते. महिन्याने पुस्तके लागतात, शाळेचे दप्तर लागते, कधी फक्त रागवायला कोणीतरी लागते. दिवाळीत बहुधा काही मागत नाहीत, पण विचारल्यावर बराच वेळ बोलतात. म्हसळ्याकडे वीज यायला महिना उलटून गेला होता, हे आम्हाला दुसऱ्या खेपेला कळले. छप्पर झाल्याचे तिसऱ्या खेपेला कळले. वहीत आज एकोणीस गावे आहेत. त्यांतली बारा आपल्या खानदेशातली, आणि त्या बारांतल्या नऊ ठिकाणच्या वाऱ्याला नाव नव्हते.

फुशारकी मारण्यासारखे यात काही नाही. एकोणीसपैकी चार ठिकाणी आम्ही दिवाळीत विचारायचे विसरलो. एका बाईंनी तर स्पष्ट सांगितले, ‘पैसे पाठवणार असाल तर बोला, नुसते कशाला विचारता?’ त्यांचेही खरे होते. आम्ही पाचशे रुपये पाठविले आणि गप्प बसलो.

वही मी आज बरोबर आणली आहे. विसावे पान कोरे आहे. एरंडोलच्या अलीकडे, रस्त्याच्या डाव्या हाताला, विटांच्या भट्टीनंतर जी पडलेली बाग आहे ती कोणाची, तेथल्या बाईंचे नाव काय, हे येथल्या कोणाला ठाऊक असेल तर चहाच्या वेळी मला सांगावे. माझी परतीची गाडी साडेपाचची आहे.